भिंतीकडे तोंड करणारे मामू

घड्याळवाल्या मामूंइतका भरवशाचा माणूस अख्ख्या अहमदपुरात झाला नाही, आणि त्यांच्याइतका छळवादीसुद्धा! आमच्या मुलींच्या वसतिगृहाला लागूनच त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. लोक मनगटावर घड्याळं घालेनात, तेव्हा मामू साठीत संगणक शिकले. कुणाकडून ते विचारू नका, मलाही कळलं नाही. भंगारातल्या एका संगणकाच्या डब्यावर त्यांनी लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली चढवली आणि मुलींच्या फायली ठेवायला आम्हाला सर्व्हर करून दिला. त्यातली धूळसुद्धा ते डोळ्याला भिंग लावून काढायचे.

मी तिथली रेक्टर. मी आपलं सगळ्यांना मिळून एकच नाव, एकच पासवर्ड ठेवला, आणि कोठीच्या किल्लीसारखी त्याची चिठ्ठी दाराआडच्या खिळ्याला टांगली. मामूंनी ती पाहिली आणि, खोटं नाही सांगत, तोंडात टाकून चावली. "आपा, हरेक पोरीची पेटी अलग, कुलूप अलग. मग हितं का न्हाई?"

झालं! चाळीस मुलींची चाळीस नावं, चाळीस कप्पे. मुलगी पासवर्ड घालताना मामू भिंतीकडे तोंड करून, कानात बोटं घालून उभे. बटणांच्या आवाजावरूनही ओळखता येतं म्हणे! त्या काळ्या पडद्यावर पासवर्ड लिहिला तर अक्षर सोडा, ठिपकाही उमटत नाही. मी बटणं बडवून दमले. "मामू, हे मेलं की हो!"

"मेलं न्हाई आपा. तोंड मिटून ऐकून राहिलंय."

शिरूर अनंतपाळकडच्या एका मुलीने नांदेडच्या नर्सिंगचा अर्ज लिहून तिच्या कप्प्यात ठेवला होता. घरी तर सोयरीक बघणं चाललेलं. कुठून तरी कुणकुण लागली आणि तिचे चुलते थेट दारात. "पोरगी काय लिहून राहिली ते उघडा." मी घाबरून मामूंकडे बोट दाखवलं. सगळे कप्पे उघडणारा रूटचा पासवर्ड त्यांच्याकडेच होता.

"येतं का न्हाई उघडायला?" चुलते मामूंवर गुरकावले.

"येतं की. म्हणूनच उघडत न्हाई. पाटील, तुमचं घड्याळ माझ्याकडं आलं म्हणून मी तुमची वेळ बदलू काय? पोरगी हितंच हाय, तिला विचारा."

मुलगी आली. तिने स्वतःच कप्पा उघडला आणि अर्ज चुलत्यांना वाचून दाखवला. मामू भिंतीकडे, मीही भिंतीकडे. मग मागून चुलत्यांचा आवाज आला, "नांदेडला ऱ्हायची सोय कशी हाय?" पोरगी आता तिथेच शिकतेय.

मामू गेल्या हिवाळ्यात गेले. जाण्याआधी रूटचा पासवर्ड लाखेने बंद केलेल्या पाकिटात माझ्या हाती देऊन गेले. परवा सर्व्हरच्या देखभालीला नांदेडहून इंजिनियर आले. म्हणाले, "बाई, मामूंचं लॉगिन बंद करू. आणि त्यांचा कप्पा रिकामा करायच्या आधी बघू तरी, काय ठेवलंय म्हातारबांनी." बघावंसं मलाही वाटलं, का वाटू नये? जन्मभर दुसऱ्यांचं झाकून ठेवणाऱ्या माणसाचं स्वतःचं काय असेल?

पाकीट फोडलं. इंजिनियरना म्हटलं, "तोंड भिंतीकडं करा." एकेक अक्षर घातलं, मामूंचं लॉगिन तेवढं बंद केलं, कप्पा मात्र न उघडता तसाच ठेवला. पासवर्ड घालताना पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. वाटलं, कुणीतरी तोंड मिटून ऐकून राहिलंय.