पाच सेकंदांचं रॉकेट

डिलाईल रोडच्या त्या चाळीत सुचित्रा परबचा राग आवाजावरून ओळखत. भांडी आपटली तर नवऱ्यावर, चपला आपटल्या तर कामावर. आणि काहीच आपटलं नाही तर पळा. जूनपासून तिसऱ्या मजल्यावर काहीच आपटलेलं नव्हतं.

कारण अनुजा. सुचित्राची मुलगी, वय अकरा, बोलताना अडखळायची. तोंडी परीक्षेत कवितेच्या दुसऱ्या ओळीवर अडकली, तर बाई घड्याळ बघत म्हणाल्या, "बस खाली, अजून चाळीस मुलं आहेत." मधल्या सुट्टीत त्यातली निम्मी 'क-क-कविता' करत तिच्या मागे.

सुचित्रा शाळेत गेली. लोअर परळच्या लॅबमध्ये काउंटरवरून दिवसभर "एकोणीस नंबर! उपाशीपोटी आलात ना?" ओरडणारी बाई ती. मुख्याध्यापिका केबिनमधून आपणहून बाहेर आल्या. "मिसेस परब, अशा मुलांना ना, घरीच जरा कम्फर्टेबल असतं."

"मग घरीच!" सुचित्रा म्हणाली आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊनच परत आली.

घरी, म्हणजे ऑनलाइन. महिनाभर ती एकेक अभ्यासक्रम चाळून नाकारत होती. शेवटी दोन उरले. एकाच्या वेबसाइटवर धड चित्रही नव्हतं. धडे बघा, उत्तरं लिहा, नाहीतर सवडीने आवाज रेकॉर्ड करून पाठवा, बाई ऐकून कळवतील. "रेशनकार्डाच्या फॉर्मसारखं दिसतंय," सुचित्राने नाक मुरडलं. दुसरा रॉकेटवाला. बरोबर बोललं की रॉकेट आभाळात.

"अगं, सगळे रॉकेटवालाच घेतात," स्वप्नील, तिचा नवरा, म्हणाला. "आमच्या ऑफिसातल्या हेरंबची पोरगी कसली फाडफाड बोलते!"

"फाडफाड?" सुचित्राने एवढंच विचारलं. स्वप्नील चार्जर शोधायला आत पळाला.

पण शब्द तिच्या डोक्यात बसला. वर्षभरात पोरगी फाडफाड बोलेल आणि आपण तिला घेऊन त्या केबिनसमोर उभ्या राहू, बास!

रविवारी सकाळी दहाला रॉकेटचा डेमो ठरला. लॅपटॉप शिवणाच्या मशीनवर, अनुजा स्टुलावर. पडद्यावर देविका नावाची काउन्सेलर आली. "हाऽय अनुजा! सो एक्सायटेड ना आपण?"

तेवढ्यात सासरे, गुणाजी, नारळ घेऊन हजर. गिरणीत हयात गेली, पण देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्यांनी कधी नवा स्टोव्हसुद्धा पेटवू दिला नव्हता.

"बाबा, आत्ता नको! त्या मॅडम बघतायत."

"बघूंदेत. त्येंकाय आशीर्वाद गावतलो." नारळ लॅपटॉपपुढे ठेवून त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकराक कॉम्पुटराची शाळा लावतंव. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. त्यात अनुजाचा आवाज सगळ्यांत मोठा आणि सरळ. चारचौघांबरोबर एका सुरात बोलताना ती कधीच अडखळत नसे.

"सो क्यूट, अंकल!" देविका म्हणाली. "नाउ अनुजा, तुझ्या फेवरेट सणाबद्दल बोल. पाच सेकंदांत सुरुवात हं!"

पडद्यावर आकडे उलटे पळायला लागले. "म-म-म..."

"ऊप्स! ट्राय अगेन!" रॉकेट धूर सोडत खाली आपटलं.

"ग-ग..."

"गणपती!" सुचित्राच पुढे वाकून बोलली. "गणपती म्हणायचंय तिला."

"ऊप्स! ट्राय अगेन!"

"ते घड्याळ बंद करा."

"ॲक्चुअली मॅम, फ्लुएन्सीसाठी स्पीड इज व्हेरी इम्पॉर्टंट..."

"बंद होतं की नाही?"

"मॅम, सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाहीये."

सुचित्राचा काउंटरवरचा आवाज सुटला. "ऑप्शन नाही? शाळेतल्या बाईला निदान चाळीस पोरं होती! तुमच्या मशीनला कसली घाई आहे? गाडी सुटतेय त्याची?"

"आई, थ-थांब." अनुजा उठून उभी राहिली होती. "म-मला... ग..."

"गप्प बसा म्हणायचंय यांना? मी सांगते..."

"सूनबाय!" गुणाजी कधी नव्हे ते कडाडले. "मधी बोलू नको. तिचा गाऱ्हाणा चालू आसा."

गाऱ्हाणं पुरं होईस्तोवर मधे तोंड घालायचं नसतं, हे या घरात रांगत्या पोरालाही ठाऊक. सुचित्राने ओठ मिटले, आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की पोरीला पाच सेकंद ती स्वतःही कधी देत नव्हती. दोनातच शब्द हिसकावून घ्यायची. जूनपासूनचा सगळा राग तसाच होता, पण तो आपटायला समोर कोणीच दिसेना.

 भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा फिरला.

"म-मला ग-गणपती नाही आ-आवडत. श-शिमगा आवडतो. आ-आणि हे र-रॉकेट... न-नको."

"व्हय म्हाराजा!" गुणाजींनी एकट्यानेच साद दिली.

सुचित्राने लॅपटॉपचं झाकण असं आपटलं, की खालच्या मजल्यावरच्या चंपामावशी दारात आल्या. मग ते पुन्हा उघडून तिने रेशनकार्डासारखी ती वेबसाइट काढली आणि लॅपटॉप अनुजापुढे सरकवला. "फॉर्म तूच भर." स्वप्नील काही सुचवायला वाकला.

"मधे बोलू नका," सुचित्रा खेकसली.