आधी दगड हलवून बघा

मन्मथअप्पा शेताच्या मोजणीला गेले की आधी हद्दीच्या दगडाला मिठी मारत. गुडघा टेकून, दोन्ही हातांनी कवळून, दगड हलतो का ते बघत. चारठाण्याच्या शिवारात एका नव्या तलाठ्याला वाटलं, हा कुठला तरी देव असावा. त्याने चपला काढल्या. अप्पांनी त्याला काही सांगितलं नाही. मोजणी संपेपर्यंत तो अनवाणीच फिरला.

अप्पा मोजणी ऑफिसात सर्व्हेअर होते आणि माझे वडील त्यांच्या मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरणारे शिपाई. माझ्या दहावीनंतर घरात स्थळांची चर्चा सुरू झाली, तेव्हा अप्पा एकदा येऊन चहा प्याले आणि वडिलांना म्हणाले, "पोरीला गणित येतंय. शिकव तिला. न्हाईतर उद्यापासून साखळी दुसरा कुणी धरील." ही धमकी होती की सल्ला, हे वडिलांना अजून ठरवता आलेलं नाही. मी आज मानवतला शाळेत गणित शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी.

अप्पा यंत्रांच्या विरुद्ध नव्हते. साखळी जाऊन उपग्रहावरून मोजणारं यंत्र आलं, तेव्हा ऑफिसात ते सगळ्यांत आधी त्यांनीच शिकून घेतलं. "यंत्र खोटं बोलत न्हाई," ते म्हणायचे. "पण सरकलेल्या दगडावरून मोजाय लावलं, तर लय इमानदारीनं चुकतंय."

निवृत्तीनंतर त्यांचा उजवा पाय जमिनीला घासायला लागला. चप्पल मागे राहायची आणि त्यांना दहा पावलांनी कळायचं. कमरेतला एक मणका पुढे सरकून शीर दबली होती. "जन्मभर लोकांचे दगड तपासले," अप्पा म्हणाले, "आन् माझाच सरकला." त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. संभाजीनगरला त्यांच्याबरोबर मी आणि वडील गेलो.

डॉक्टर तरुण होते, पण घाईत नव्हते. थांबलात तर पाऊल कायमचं लुळं पडेल, म्हणाले. मणक्यांत चार स्क्रू बसवायचे होते. ते रोबोटच्या मदतीने बसवले तर जखम लहान राहते, स्क्रू बहुतेक वेळा नेमका बसतो, माणूस लवकर उठतो. रोबोटचा हात फक्त दिशा धरून ठेवतो, भोक डॉक्टरच पाडतात. मात्र स्क्रू चुकला तर शिरेला इजा होऊन आज पायात आहे तेवढंही बळ जाऊ शकतं, हेही त्यांनी सांगितलं.

अप्पांनी विचारलं, "तुमचं यंत्र मोजतंय कुठून?"

कमरेच्या हाडात एक खुणेचा खिळा बसवतात, कॅमेरा त्याच्यावरून सगळं मोजतो, असं डॉक्टर म्हणाले.

"आन् खिळाच सरकला तर?"

डॉक्टर म्हणाले, "तर पडद्यावर सगळं बरोबर दिसेल, आणि स्क्रू चुकीच्या जागी जाईल."

"सही कुठं करायची?" अप्पा म्हणाले.

सही करताना त्यांनी एक अट घातली. प्रत्येक स्क्रूच्या आधी खिळा हलवून बघायचा. हलवून नाही, तपासून, असं डॉक्टरांनी दुरुस्त केलं. अप्पा म्हणाले, तेच ते.

बाहेर आल्यावर वडील चिडले. एवढं भयंकर ऐकून सही कशी केली, म्हणाले. अप्पांनी शांतपणे सांगितलं, "दगड पक्का हाय म्हणून ज्यानं ज्यानं शपथ घेतली, त्याचाच हलला. ह्यानं शपथ घेतली न्हाई."

ऑपरेशनला चार तास सांगितले होते, सहा लागले. वडील दारासमोर उभेच होते. मग डॉक्टर आले. दोन स्क्रू ठीक गेले होते. तिसऱ्याच्या आधी मदतनिसाचं कोपर खुणेच्या खिळ्याला लागलं. पडद्यावर काहीच फरक दिसत नव्हता. त्यांनी एका ओळखीच्या हाडाच्या टोकावर सळई टेकवून पाहिली, तर यंत्र ते टोक दोन मिलिमीटर बाजूला दाखवत होतं. त्यांनी रोबोट बाजूला सारला आणि उरलेले दोन स्क्रू एक्स-रे बघत, जुन्या पद्धतीने बसवले. त्यामुळे जखम थोडी मोठी झाली होती.

अप्पा शुद्धीवर आले तेव्हा मी जवळ होते. "दगड?" त्यांनी विचारलं.

"हलला होता," मी म्हणाले.

"वाटलंच," ते म्हणाले, आणि झोपले.

पाऊल उचलायला लागलं. अंगठा मात्र कायमचा बधिर राहिला. कुणी विचारलं तर अप्पा सांगत, "एक गुंठा गेला. शेत राहिलं." वालूरच्या आपल्या शेतात ते आणखी चार वर्षं स्वतःच्या पायांनी फिरले.

गेल्या हिवाळ्यात हृदय थांबून ते गेले. त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना वालूरच्या त्यांच्याच शेतात बसवून माती द्यायची होती. बांधाशेजारचा शेतकरी हळूच म्हणाला की खड्डा आपल्या हद्दीत यायला नको. कुणीतरी लगेच टेप काढला.

"थांबा," माझे वडील म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, गुडघा टेकला आणि हद्दीच्या दगडाला मिठी मारली. दगड तपासायला जेवढा वेळ लागतो, त्याहून त्यांना बराच जास्त लागला.

"हलत न्हाई," उठून ते म्हणाले. "आता मोजा."