अनवाणी पंच

"शूज काढा," सचिव म्हणाले. "कोर्ट नवं आहे."

मी पंचाचा निळा टी-शर्ट घालून, हातात स्कोअरची पाटी घेऊन कोर्टच्या फाटकात उभी होते. माझ्या बाजूनं चार मेंबर बूट घालून आत गेले. एकाच्या बुटाला तर पार्किंगची ओली माती लागलेली. मी तिकडे बोट दाखवलं. सचिव हसले. त्यांचं हसणं फार गोड. आयुष्यभर बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून कमावलेलं.

"ते मेंबर आहेत, मॅडम. ऑफिशियल लोक, पंच वगैरे, कुठून कुठून येतात. चिखल, ऑइल. तुम्ही वाडीहून येता ना?"

वाडीहूनच येते. शहराच्या टोकाला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे आमची भाड्याची खोली. बाबा ट्रकमध्ये माल चढवतात, उतरवतात. पण माझे बूट स्वच्छ होते. कोर्टवर डाग न पडणाऱ्या तळाचे, मुद्दाम या खेळासाठी घेतलेले. बाजारात बैलाचे दात दाखवतात तसा मी त्यांना बुटाचा तळ उलटा करून दाखवला. त्यांनी पाहिलाही नाही.

"नियम सगळ्यांना सारखा," म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या पायात बूट होते.

मी काढले. फाटकाजवळ कोपऱ्यात ठेवले आणि आत गेले. मार्चमधलं नागपूरचं ऊन, त्यात निळा रंग दिलेलं कोर्ट. तव्यावर उभं राहावं तसं. मी शाळेत असताना खो-खो अनवाणीच खेळले आहे. अनवाणी असण्याची मला कधी लाज वाटली नाही. पण कोणी हुकूम सोडून अनवाणी करतं तेव्हा मातीसुद्धा वेगळी लागते.

मग काढले कशाला? कारण मला राज्याच्या पंचांमध्ये जायचं होतं. त्यासाठी विभागीय संघटनेचं सदस्यत्व लागतं आणि वर शिफारस करतात सचिव. नंदनवनच्या ज्या शाळेत मी खेळ शिकवायचे तिथं माझी नोकरी कराराची. दरवर्षी हात जोडायचे, दरवर्षी नवा करार. राज्याच्या पॅनेलवर नाव आलं तर कायम करू, असं मोठ्या मॅडम बोलल्या होत्या. म्हणजे माझी भाकर त्या सचिवांच्या सहीखाली दबलेली. त्यांना हे ठाऊक होतं.

ही पिकलबॉल संघटना काय चीज आहे तेही सांगते. नावाला संघटना, खरं तर क्लबच. पिकलबॉल म्हणजे टेनिसपेक्षा लहान कोर्ट, भोकाभोकांचा प्लास्टिकचा बॉल आणि पोळपाटासारखं पॅडल. सुटलेल्या पोटालाही आपण खेळाडू आहोत असं वाटायला लावणारा खेळ. खेळाचा दोष नाही, खेळ छान आहे. पण खेळ नवा असला तरी माणसं जुनीच. मेंबर व्हायचं तर दोन जुन्या मेंबरांची शिफारस लागते. खेळच शहरात परवा आला, त्यात जुने कोण? पण होते. पैशानं जुने, आडनावानं जुने.

मी पहिल्यांदा सदस्यत्वाचं विचारायला गेले तेव्हा सचिवांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाले. नागपुरात आडनावानंतर आलेल्या या दोन 'अच्छा'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मग म्हणाले, "बघू." ते दोन वर्षं बघतच होते.

पंचगिरी करत उन्हात तासन्‌तास उभं राहायला एकही मेंबर तयार नव्हता, म्हणून आम्हाला बोलावलं. खो-खोवाले, कबड्डीवाले, करारावरचे क्रीडाशिक्षक. शिबिर झालं, परीक्षा झाली, आम्ही पास झालो. मग सचिवांनी 'पंचांचा दर्जा' या विषयावर भाषण ठोकलं. दर्जा म्हणजे काय? केस विंचरलेले, नखं कापलेली, आवाज नम्र आणि मेंबरांशी वाद नाही. बॉल आत की बाहेर, यावर एक शब्द नाही.

तर त्या दिवशी मला संघटनेच्या स्पर्धेतला उपांत्य सामना दिला. एका बाजूला संघटनेचे अध्यक्ष आणि त्यांचा जोडीदार. अध्यक्ष लकडगंजचे लाकडाचे मोठे व्यापारी, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. दुसऱ्या बाजूला दोन तरुण डॉक्टर, नवे मेंबर. 

या खेळात जाळीला लागून दोन्ही बाजूंना एक पट्टा असतो. त्याला किचन म्हणतात. त्यात पाय असताना बॉल हवेतल्या हवेत मारायचा नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. आणि पंचानं स्कोअर मोठ्यानं म्हटल्याशिवाय कोणी सर्व्हिस करायची नाही. अध्यक्षांनीही नाही.

भाऊंचा मॅच पॉइंट होता. बॉल उंच आला. भाऊ धावत पुढे आले आणि हाणला. त्यांचा उजवा पाय किचनमध्ये. रेषेला लागला वगैरे भानगड नाही, अख्खा बूट आत.

"फॉल्ट. किचन," मी म्हटलं.

भाऊंचे हात तोवर वर गेले होते. तसेच राहिले.

"काय वं? काय म्हणून राहिली तू?"

"तुमचा पाय आत होता."

"माझा?"

तो 'माझा' ऐकण्यासारखा होता. पाय चुकीच्या जागी पडणं हे जणू इतरांच्याच पायांचं काम.

सगळ्यांनी पाहिलं होतं. मंडपातल्या खुर्च्यांनी माना मोबाइलमध्ये घातल्या. एक डॉक्टर खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. ती आधीच बांधलेली होती.

सचिव आत आले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पॉइंट पुन्हा खेळवा. भाऊ वयानं मोठे आहेत. इथे सगळे आपलेच आहेत."

"कोणाचे?"

हसणं थोडं आटलं. "तुमची शिफारस आज पाठवणार होतो. विचार करा."

मी विचार करत होते, हे खरं आहे. शाळा, बाबा, खोलीचं भाडं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात भाऊ पलीकडून मंडपाकडे तोंड करून बोलले.

"जिले आपण बूट घालून येऊ देत नाही, ते आपला बूट पाहून राहिली."

मंडप हसला. सचिवही हसले. डॉक्टरही.

माझ्या आज्याला गावात मोठ्या घरांसमोरून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. बाबा सांगायचे तेव्हा मला ती जुन्या काळातली गोष्ट वाटायची. आज्याच्या गावातली, आज्याबरोबर संपलेली. ती गोष्ट संपली नव्हती. ती शहरात येऊन क्लबची मेंबर झाली होती. आणि मी पदवी घेऊन, परीक्षा पास होऊन तिच्यासमोर उघड्या पायानं उभी होते. मला स्वतःची किळस आली. मग राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मी फाटकाकडे गेले. बूट घातले. नाड्या सावकाश बांधल्या. परत येऊन जाळीच्या खांबाशी माझ्या जागेवर उभी राहिले आणि बरोबर तो स्कोअर म्हटला. सर्व्हिस डॉक्टरांची.

डॉक्टरांनी बॉल उचललाच नाही. "राहू द्या ना मॅडम, पुन्हा खेळू," त्यांतला एक म्हणाला. ज्याचा हक्क मारला जात होता तोच मारणाऱ्याची पाठ राखत होता. कणा नावाचं हाड माणसाला असतं, हे यांना कॉलेजात शिकवलं असेलच.

"फॉल्टच्या आधीचा, जुना स्कोअर म्हणा," सचिव म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही.

"म्हणा."

नाही. आणि मी म्हणेपर्यंत कोणाला सर्व्हिस करता येईना. पैसा, क्लब, लकडगंज, सगळं माझ्या बंद तोंडासमोर उन्हात घाम पुसत उभं. भाऊ ओरडले, "काहून अडून राहिली वं? कोण समजते तू सोताले?"

"पंच," मी म्हटलं.

शेवटी सचिवांनी माझ्या हातातून पाटी ओढून घेतली आणि आपल्या गोड आवाजात जुना स्कोअर म्हटला. पुढच्याच पॉइंटला डॉक्टरांनी बॉल जाळीत घातला. भाऊ जिंकले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अजून आठवतात. इतक्या लोकांना इतक्या थोडक्यात विकत घेता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माफी मागून टाक बाई. हातातोंडाशी आलेला घास आहे. आपल्याले काम काढाचं आहे."

"आजा चपला हातात घेऊन गेला, बाबा. त्याचं काम निघालं का?"

बाबा उठले आणि हातपाय धुवायला गेले. बराच वेळ धूत राहिले.

दोन दिवसांनी सचिवांचा निरोप आला. सभासदांसमोर माफी मागा, मग सदस्यत्वाचं बघू. मी मागितली नाही. शिफारस गेली नाही. या वर्षी शाळेनंही करार वाढवला नाही. मोठ्या मॅडम म्हणाल्या, आमच्या हातात काही नाही. क्लबात त्यांचे यजमान खेळतात.

मी आता मुलांच्या शिकवण्या घेते. त्यात भागत नाही. पण सदस्यत्वाचा अर्ज मी पुन्हा दिला आहे. कोणाची शिफारस जोडली नाही, मागितलीही नाही. पुढच्या महिन्यात संघटनेची वार्षिक सभा आहे. मेंबर नसलेल्यांना आत प्रवेश नाही. मी जाणार आहे. बूट घालून, मुख्य दारानं. मला नाकारायचं असेल तर कारण उभं राहून, मोठ्यानं, माझ्या तोंडावर सांगावं लागेल. या वर्षी सांगितलं नाही तर पुढच्या वर्षी. तिथं माझं दुसरं कामच नाही.

आणि कोणी गैरसमज करून घेऊ नये. त्यांच्या पंगतीत बसायची मला हौस नाही. त्यांच्या खेळाचा निकाल मला द्यायचा आहे.