वडिलांचे नखाएवढे मासे

माझ्या वडिलांना मासळीचा वास सहन होत नसे. चिखल्याच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या बोंबलांखाली रांगलेला हा माणूस. पण डहाणूच्या कचेरीत कारकून झाला, मसोलीत भाड्याचं घर घेतलं आणि त्याचं नाक एकाएकी नाजूक झालं. घरात सुकट भाजायला बंदी. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, बाजारात मासळी विकून आमच्याकडे घटकाभर टेकायला यायची. तिनं टोपली फाटकाबाहेर ठेवायची आणि चहा मागच्या दारी प्यायचा. याच बहिणीनं तीच टोपली डोक्यावर वाहून त्यांना शिकवलं होतं.

आणि अशा माणसानं साठ सालानंतर कधीतरी मुंबईहून मासेच आणले. खायचे नव्हेत, पाहायचे. नखाएवढे, अंगावर निळी चकाकती रेघ, शेपटीकडे तांबडे. लोखंडी चौकटीच्या काचेच्या पेटीत ते सोडले आणि सगळ्या घराला त्यांच्या चाकरीला जुंपलं. दार आपटायचं नाही, मासे दचकतात. थंडीत पेटीभोवती वडिलांची लोकरीची शाल. शाळेतून आले की मी डबक्यातून डासांच्या अळ्या गाळून आणायच्या आणि फडक्यात धुवायच्या. तरी मासे मरतच. एखादा पांढरा पडून तळाला बसला की वडिलांच्या घशाखाली घास उतरत नसे. आजोबा गेले तेव्हा मात्र व्यवस्थित उतरला होता.

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. ते या नाजूक जिवांना बाधे, म्हणून आई पलीकडच्या चिकूच्या वाडीतून गोड्या पाण्याचा हंडा डोक्यावरून आणी. आम्ही मचूळच पीत होतो. एकदा आई तापानं फणफणली होती. वडील तिच्या अंथरुणापाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, कपाळाला हात लावतील.

"पेटीचं पाणी बदलायचंय," ते म्हणाले. "उठवेल का?"

त्याच आठवड्यात तलासरीला बदलून आलेले एक साहेब मासे बघायला आले. वडील त्यांच्यापुढे इतके वाकले होते की बघवत नव्हतं. तेवढ्यात आईच्या तापाचं ऐकून आत्या आली. घाईत टोपली घेऊनच पुढच्या दारानं आत आली.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"मासळीवाली," वडील म्हणाले. "रोजची आहे."

माझं डोकं तडकलं. "मासळीवाली नाही," मी म्हटलं, "माझी आत्या आहे. बाबांची सख्खी बहीण."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला, काम आठवल्यासारखं केलं आणि गेले. वडील पेटीकडे बघत राहिले. आत्या मलाच रागावली, "कशाला बोललीस गं चारचौघांत?" मग वडिलांना म्हणाली, "भाऊ, देखणे आहेत हो तुझे मासे. सांभाळ." आईच्या कपाळावर हात ठेवून ती निघून गेली. पुन्हा त्या घरात आली नाही.

ताप उतरल्यावर आई उठली; पण हंडा उचलायला नव्हे. "पाणी तुम्ही आणा," एवढंच ती वडिलांना म्हणाली. कारकुनानं रस्त्यानं हंडा न्यायचा? लोक काय म्हणतील! त्यांनी गुपचूप घरच्या विहिरीचं पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी सगळे मासे उलटे तरंगत होते आणि वडील पेटीला कपाळ टेकून हुंदके देत होते. मला त्यांची दया आली नाही. किळस आली.

पुढं त्यांनी नवे मासे आणले. पाण्याचे डबे सायकलला अडकवून, वर गोणपाट टाकून, रॉकेल आणल्यासारखं दाखवत ते स्वतः पाणी आणू लागले. सगळ्या आळीला ठाऊक होतं. ते मात्र ताठ मानेनं सायकल ढकलत.

मी आणि आई रविवारी उघडपणे चिखल्याला जाऊ लागलो. आत्या ताज्या बोंबलांचं कालवण वाढायची आणि दर खेपेला विचारायची, "भाऊ बरा आहे ना? वेळेवर जेवतो ना?" मी मान खाली घालून जेवत राही. आई म्हणे, "बरे आहेत."