ताकदीचं इंजेक्शन

"एकही नाही," सोलापूरचे डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. "याला अझूस्पर्मिया म्हणतात. म्हणजे वीर्यात शुक्राणूच नाहीत."

माझा नवरा दत्ता समोरच्या खुर्चीत मावत नव्हता. दंड असे फुगलेले, की शर्टाची शिवण उसवायला आली होती. त्यानं डॉक्टरांकडं न बघता माझ्याकडं बघितलं. सवयच होती ना. घरात काही बिघडलं, की आधी माझ्याकडं बघायचं.

आमच्या तेर गावात नवऱ्याला कुणी अरेतुरे करत नाही. बोलताना मीही 'अहो'च म्हणते. लिहिताना मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तेवढं मी कमावलंय.

लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी मूल नव्हतं. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा फोटो झाला. सगळं नॉर्मल. धाराशिवच्या बाई डॉक्टर दर खेपेला सांगायच्या, आता यांची तपासणी करा. तो दंड दाखवायचा. "मला काय झालंय? बघा की माझ्याकडं!"

ते दंड जिममधले होते. तिथल्या ट्रेनरनं त्याला सांगितलं होतं, ताकद वाढली की लेकरू आपसूक होतंय. ताकद म्हणजे काय, तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. पुरुषाच्या अंगात तयार होणारं हार्मोन, पण बाटलीतलं. माझा शहाणा नवरा लेकरासाठी ते कमरेत टोचून घेत होता आणि घरात सांगत होता, व्हिटॅमिन आहे.

त्याची दाढी दाट झाली, मान जाड झाली आणि डोकं फिरलं. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर गेलं. गल्लीतले लोक कौतुकानं म्हणायचे, दत्ता आता खरा बाप्यामाणूस दिसाय लागला. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, दर अमावास्येला मीठ-मोहऱ्या उतरून त्याची दृष्ट काढायच्या. आणि मला? मला अणदूरच्या खंडोबाला नवस, रविवारचा उपास आणि शेजारच्या डोहाळजेवणात मागच्या ओळीत जागा.

शेवटी बाई डॉक्टरांनीच हट्ट धरला. यांना तपासल्याशिवाय पुढचं औषध देणार नाही म्हणाल्या. तेव्हा कुठं हा पैलवान प्रयोगशाळेची पायरी चढला.

सोलापूरच्या डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा ते व्हिटॅमिन खरं काय होतं हे दत्तानं कबूल केलं. मग त्यांनी समजावलं ते मी तुमच्यासाठी साध्या भाषेत सांगते. बाहेरून हार्मोन मिळालं, की मेंदूला वाटतं, अंगात भरपूर आहे. मग तो आतलं काम थांबवतो. शुक्राणू तयार होणंही थांबतं. म्हणजे बाप व्हायला जे घेतलं, त्यानंच बाप होणं बंद पाडलं.

"इंजेक्शन आजपासून बंद. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, पण खात्री देत नाही," डॉक्टर म्हणाले. "मधल्या काळात मन खचू शकतं. लक्ष ठेवा."

मी ट्रेनरला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, डोस कमी पडला आसंल." असल्या विद्वानांच्या हाती आपली माणसं जातात आणि वर त्यांना सर म्हणतात.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. दंड उतरले, त्यांच्याबरोबर दत्ताही उतरला. मोटार दुरुस्तीचं दुकान उघडेना. भिंतीकडं तोंड करून पडायचा आणि रडायचा. आत्याबाईंना करणीचा संशय आला, देवऋषी सुचले. चुलतदीर म्हणाला, "बाईगत काय रडतोस? घे की एक इंजेक्शन!" दत्ता घेणारही होता. मीच आडवी आले.

एका दुपारी तो म्हणाला, "म्या नसलेलाच बरा. तू दुसरं लगीन कर."

मी शेतातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी माझ्या भावाकडं पाठवून दिलं. तुमच्या घरात कुणी असं बोललं तर हसण्यावारी नेऊ नका. माणसाला एकटं सोडू नका. दुसऱ्याच दिवशी मी त्याला धाराशिवला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं.

तिथली गंमत सांगते. बाकावर बसलेल्या एकूणएक पुरुषानं तोंडाला रुमाल बांधलेला. शेजारी त्यांच्या बायका, उघड्या तोंडानं. वेड्यांच्या दवाखान्यात आलो हे कुणाला कळू नये म्हणून ही मर्द मंडळी दरोडेखोर होऊन बसली होती. मला हसू आवरेना. दत्तानंही रुमाल बांधला होता, पण त्याचे डोळे बघितले आणि माझं हसू गेलं. तो खरंच भ्यालेला होता.

"हे डिप्रेशन आहे," डॉक्टर म्हणाले. "मनाचा आजार. हार्मोन घसरल्यावर होऊ शकतो. यात लाज कसली?" गोळ्या सुरू झाल्या. एकदम काही झालं नाही. मग एक दिवस त्यानं आपणहून दाढी केली. पुढं दुकानही उघडलं. पुढच्या रिपोर्टात थोडे शुक्राणू दिसले. थोडेच. मूल होईल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या होत्या. माझ्यासमोरच आत्याबाईंना म्हणाल्या, "तुमच्या सुनंचं काय झालं मग? दुसरा डॉक्टर बघा की."

आत्याबाई उसासा टाकणार, तेवढ्यात दत्ता पायरीवरून बोलला. "काकू, तिच्यात काय न्हाय. दोष माझ्यात निघालाय. इंजेक्शनं म्या घेतली, आता डोक्याच्या गोळ्या बी खातोय."

"आरं हळू बोल," आत्याबाई म्हणाल्या. "लोकं ऐकत्याल."

"ऐकू द्या की."

काकूंना एकाएकी घरचं काम आठवलं. आत्याबाई आत गेल्या. मी तिथंच उभी राहिले. तीन वर्षं मला मूल हवं होतं ते आत्याबाईंसाठी, गल्लीसाठी, त्या मागच्या ओळीतून उठण्यासाठी. त्या दिवशी पहिल्यांदा मला ह्या माणसाचं लेकरू हवंसं वाटलं.