पणजोबांची नऊवारी

माझ्या नवऱ्याचे पणजोबा नाटकात बायकांची कामं करायचे. तेव्हा रंगभूमीवरच्या नायिका पुरुषच असत. मला हे कळलं ते सासूबाई व्हिजिटवर बहारीनला, गुदैबियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये आल्या तेव्हा. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात प्रत्येकाने आपल्या घरातल्या कलावंतावर काहीतरी सादर करायचं होतं. नवरा म्हणाला, "आपल्याकडे कसला आलाय कलावंत!"

सासूबाई मटार सोलत होत्या. "मला नऊवारी नेसायला कोणी शिकवलं, ठाऊक आहे? माझ्या आजेसासऱ्यांनी."

त्या लग्न होऊन रत्नागिरीकडच्या घरात आल्या तेव्हा आजेसासरे ऐंशीला टेकलेले. पहिल्याच सणाला नव्या सुनेचा काष्टा सुटला. म्हातारबुवा ओटीवर पाठमोरे बसून आत सूचना देऊ लागले. "निऱ्या बारीक घे. आता मागे खोच. घट्ट. चालून बघ."

मग बाकीचंही निघालं. पणजोबा विशीत घर सोडून नाटक कंपनीत गेले. गोड गळा, नाजूक बांधा. पदांना वन्समोअर मिळायचे. गावोगावच्या सासवा सुनांना घेऊन यायच्या, बाईने कसं चालावं ते बघायला. पुढे अंग सुटलं, आवाज जाड झाला. नायिकेचं काम दुसऱ्याला गेलं आणि यांना फौजदार केलं. पण फौजदारही सवयीने लाजत, मुरडत आला. लोक हसून बेजार. पणजोबांनी तेच धरून ठेवलं आणि पुढची कितीतरी वर्षं विनोदी कामं केली. आई आजारी पडली तेव्हा गावी परतले आणि शिंपीकाम घेतलं. पंचक्रोशीतल्या बायका चोळ्या त्यांच्याकडेच शिवायच्या. चोळी कुठे काचते हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं.

"झालं तर मग," मी नवऱ्याला म्हटलं, "तूच पणजोबा."

माझा नवरा सखीरच्या बाजूला बस चालवतो. मिशी त्याने लग्नाआधीपासून जपलेली. ती काढायची म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की जणू मी लायसन्सच मागितलं. "इंशाल्ला, बघू," म्हणाला.

"इंशाल्ला नाही, यल्ला! चल, ऊठ," सासूबाई म्हणाल्या. बहारीनला येऊन त्यांना तीनच आठवडे झाले होते.

मिशी गेली. लेक बघतच राहिली. "बाबा, यू लुक लाइक आजी!" आजींना राग यायला हवा होता, पण त्या खूश झाल्या. मग रोज संध्याकाळी हॉलमध्ये सोफा सरकवून तालीम. सहा फुटांचा गडी माझी नऊवारी नेसून सोफ्यापासून फ्रीजपर्यंत चालायचा. "बसचा ब्रेक मारल्यासारखा थांबू नकोस रे," त्याची आई म्हणायची.

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी होता. सुरुवात छान झाली. पद मात्र त्याने इतकं बेसूर म्हटलं, की पुढच्या रांगेतल्या काकांनी चहा खाली ठेवला. आणि मग वळताना काष्टा सुटला. हॉलमध्ये खसखस पिकली. मी डोळे मिटून घेतले.

तो थांबला. घाबरलाय असं वाटलं. पण त्याने प्रेक्षकांकडे पाठ केली, खाली बसला आणि म्हाताऱ्या आवाजात म्हणाला, "सूनबाई, निऱ्या बारीक घे. आता मागे खोच."

"घट्ट!" सासूबाई खुर्चीतूनच ओरडल्या.

त्याने खोचलं, उठला आणि स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. खरंच सुंदर चालला. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, थोड्या उशिराने.

घरी येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी त्यांना स्टेजवर कधीच बघितलं नव्हतं गो. मी आले तेव्हा ते म्हातारे. मशीनवर बसलेले असायचे."

नवऱ्याच्या कानांत अजून माझे झुमके होते. बाजूच्या गाडीतला माणूस टक लावून बघत होता. यानेही मान किंचित मुरडून त्याच्याकडे बघितलं, आणि सिग्नल हिरवा झाला.