नेलपॉलिशचे ठिपके आणि कोल्हापूरचं डिझेल

गाडी मिस्त्रीकडं सोडायच्या आधी मी बायकोची गुलाबी नेलपॉलिशची बाटली घेऊन बॉनेटमध्ये डोकं घातलं. बॅटरी, हिटर प्लगच्या वायरी, डिझेल फिल्टर, जे हाताला लागलं त्यावर एकेक ठिपका दिला. गॅरेजवाले चांगलं सामान काढून घेतात आणि जुनं बसवतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अठरा वर्षं त्याच्याकडंच गाडी देताय की," ती म्हणाली.

"म्हणूनच. अठरा वर्षांत किती लाटलं असेल, विचार कर."

"आणि सगळे ठिपके जागच्या जागी सापडले तर?"

"तर प्रश्नच मिटला. एक जरी कमी भरला, तर पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही."

मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि कॉप्या पकडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. हा मिस्त्री माझाच विद्यार्थी. सहामाहीच्या पेपरला त्याच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली, तेव्हा मी त्याला सगळ्या वर्गासमोर बाहेर काढलं होतं. "माझी न्हाय सर, आईशप्पथ," असं तो रडत रडत म्हणत होता. सगळेच म्हणतात. पुढं त्यानं उचगावात गॅरेज टाकलं आणि मी गाडी त्याच्याकडंच न्यायला लागलो. ज्याची लबाडी आधीच माहीत आहे, त्याच्यावर लक्ष ठेवणं सोपं जातं, असा माझा हिशेब होता.

बर्फ बघायची हौस बायकोची. फ्रिजमधला सोडून दुसरा बर्फ आम्ही आयुष्यात पाहिला नव्हता. जानेवारीत मनालीच्याही वर जायचं ठरलं, आणि परक्या ड्रायव्हरच्या हातात जीव देणं मला जमत नसल्यानं आपलीच गाडी न्यायची, हेही ठरलं.

मिस्त्रीनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "रेडिएटरात काय घालतायसा?"

"विहिरीचं पाणी."

"त्ये काढून कूलंट घालाय लागंल सर. पाणी गोठलं की इंजिन फुटतंय."

यावर मला वाद घालता येईना. पाणी गोठताना फुगतं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

"आणि आणखी एक. हितलं डिझेल घिऊन वर जाऊ नगासा. टाकी रिकामी करत जावा आणि वरच्या पंपावर भरा. हितलं डिझेल थंडीत मेणागत हुतंय, तिथलं येगळं असतंय."

डिझेल गोठतं, असं मी शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बरं, यात त्याचा काय फायदा, तेही कळेना. ते कळेना म्हणून माझा संशय आणखीच बळावला.

दोन दिवसांनी गाडी घरी आली. मी लगेच बॉनेट उघडलं. बॅटरीवर ठिपका होता. वायरींवर होते. फिल्टरवर नव्हता.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. सापडला एकदाचा! बायको म्हणाली, "फोन करून विचारा तरी." मी म्हटलं, आल्यावर बघतो त्याच्याकडं. आणि ज्यानं फिल्टर मारला, त्याच्या डिझेलच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? वरच्या मुलखात डिझेलमध्ये काय काय मिसळत असतील, देव जाणे. मी आमच्या नेहमीच्या पंपावरून दोन कॅन भरून डिकीत ठेवले. बायकोच्या स्वेटरची बॅग त्यामुळं तिच्या पायाशी आली.

चौथ्या दिवशी मनाली मागं पडली, तेव्हा टाकी रिकामी होत आली होती. वरच्या पंपापाशी मी गाडी उभी केली, तिथल्या माणसाकडं नीट बघितलं आणि पुढं गेलो. मुक्कामाला पोचल्यावर दोन्ही कॅन टाकीत ओतले. थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं. कोल्हापूरचं डिझेल पोटात गेल्यावर गाडी कशी खूश वाटली.

सकाळी बाहेर सगळं पांढरं झालं होतं. बायको हात पसरून अंगणात उभी होती आणि लहान मुलीसारखी हसत होती. गाडी मात्र नुसती खाकरत होती. अर्धा तास झटल्यावर मी नाइलाजानं मिस्त्रीला फोन लावला.

"वरच्या पंपाचंच भरलंय नव्हं?" त्यानं विचारलं. मला डिकीतल्या कॅनचं सांगावंच लागलं. "क्यान ओतलासा व्हय? असू दे. फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं टाका. मेण झालं असंल त्येच्यात."

"कुठला फिल्टर?" माझा तोल गेला. "माझा तर तू काढून घेतलास!"

"डिकीत जॅक हाय, त्यो उचला. खाली बघा."

जॅकखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना फिल्टर होता. त्यावर गुलाबी ठिपका.

"पार चोकलता त्यो," मिस्त्री सांगत होता. "थंडीत पयला त्योच दगा देतोय. इचारलं असतं तर तुम्ही बदलू दिला नसता, म्हणून न इचारताच नवा बसवला. पर ठिपका बघितला आणि जुना जपून ठेवला. म्हटलं, सरांचा जीव अडकलाय ह्यात. खूण तुमचीच हाय नव्हं?"

"माझीच."

बायकोनं गरम पाण्यातलं फडकं आणून दिलं, ते मी नव्या फिल्टरवर टाकलं.

"ती चिठ्ठी बी माझी नव्हती, सर."

मला लाज वाटली. माहीत आहे, असं म्हणायला गेलो, पण माहीत नव्हतं. ती कुणाची होती, हे मी कधी शोधलंच नव्हतं. बाकाखाली सापडली, एवढ्यावरच मी इतकी वर्षं भागवलं होतं. "चुकलं माझं," एवढंच मी म्हणालो.

"फडकं गार झालं असंल," तो म्हणाला. "दुसरं टाका."